इंजिन उघडण्याआधी : शहागडच्या रस्त्यावरची जुनी जीप आणि दुरुस्तीचा इतिहास

आजचा विषय आहे जुन्या गाडीचं झिजलेलं इंजिन. इतिहासाच्या व्याख्यानात हे कुठून आलं, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे.

मराठवाड्यातल्या मोटारींचा इतिहास लिहायला बसलं की कागद फार कमी हाती लागतात. गॅरेजच्या वह्या क्वचितच टिकतात. आरसी बुकावर मालकांची नावं असतात, पण गाडी कशी वापरली, किती ओढली, कुणी सांभाळली हे त्यात नसतं. ते लोखंडात असतं. पिस्टनच्या माथ्यावर '२०' किंवा '३०' असा आकडा ठोकलेला सापडतो. बेअरिंगच्या पाठीवर असाच आकडा असतो. हे आकडे म्हणजे इंजिन आतापर्यंत किती वेळा आणि किती कापलं गेलं याची नोंद. ती वाचता आली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे दुरुस्तीच्या नादात पुसली जाता कामा नये.

आपण शहागड डोळ्यांसमोर ठेवू. अंबड तालुक्यातलं, गोदावरीच्या काठावरचं गाव. पूल ओलांडला की बीड जिल्हा, गेवराई तालुका. गावावरून धुळे-सोलापूर महामार्ग जातो, म्हणजे संभाजीनगरहून बीडकडे जाणारी सगळी वाहतूक इथूनच. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे इथल्या एखाद्या गोठ्यामागे जुनी पेट्रोल जीप उभी असेल, तर तिच्या कागदांवर 'जालना' शोधू नका.

ही जीप आली कुठून? १९४७ च्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. सरकारी खात्यांनी त्या घेतल्या, वापरल्या आणि लिलावात काढल्या. लिलावातून त्या खेड्यापाड्यांत पोचल्या. म्हणजे शेतकऱ्याच्या दारात जीप यायची ती बहुधा झिजूनच.

त्याआधीचा काळही थोडक्यात पाहू. हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला रेशन लागलं, तेव्हा देशभर बस-ट्रकना कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसवल्या गेल्या. गॅसबरोबर बारीक राख आत जायची आणि सिलिंडर घासून टाकायची. बोअर झिजणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मिस्त्र्यांच्या एका पिढीला त्या राखेनंच शिकवलं असं आम्हाला वाटतं.

पण खरी कलाटणी १९५३ ची. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारनं धोरण ठरवलं: जे कारखाने देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम हाती घेतील तेच टिकतील, नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती, तिनं १९५४ मध्ये काम थांबवलं. फोर्डही गेली. राहिले हिंदुस्तान मोटर्स, वालचंद हिराचंद यांची कुर्ल्याची प्रीमियर, मद्रासची स्टँडर्ड, आणि जीपपुरते महिंद्रा. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. मग हातातली गाडी टाकणार कोण?

गंमत पाहा. फियाटचं १०८९ सीसी इंजिन, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ चा स्ट्रोक, हे मूळ माप १९३७ चं. तेच माप आपल्याकडे प्रीमियर पद्मिनीत २००० सालापर्यंत चाललं. बाहेरचे लोक याला मागासलेपण म्हणतात. ते खरंही आहे. पण याच थांबलेल्या काळामुळे एका मिस्त्रीला एकच इंजिन आयुष्यभर उघडता आलं, आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळत राहिले.

आता जीपकडे येऊ. चार सिलिंडर, २१९९ सीसी, बोअर ३ पूर्णांक १/८ इंच, स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८ इंच. स्ट्रोक लांब, म्हणून कमी आरपीएमवर ओढते. नंतरच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. म्हणजे एक्झॉस्टचं सीट जळालं तर नुसतं हेड काढून लेथवर पाठवून भागत नाही. तक्रार ठरलेली असते: 'गाडी धूर मारते, तेल खाते, चढ चढत नाही.' मिस्त्री म्हणतो, 'इंजिन उतरवावं लागेल.'

आमचं म्हणणं एवढंच, की उतरवण्याआधी विचारा. धूर निळा म्हणजे तेल जळतंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण केव्हा निळा? बराच वेळ आयडलवर ठेवून ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक लोट येऊन थांबला, तर आधी व्हॉल्व्ह गाइडवर संशय घ्या. ओझ्याखाली सतत येत राहिला आणि ब्रीदरमधूनही फुंकर मारत असेल, तर रिंगा आणि बोअर. काळा धूर हा कार्ब्युरेटरचा विषय. त्यासाठी इंजिन उघडणं म्हणजे सर्दीला ऑपरेशन. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर गॅस्केट किंवा तडा.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारा. चारही आकडे लिहून ठेवा. इथे आजच्या गाड्यांचे आकडे लावू नका. जुन्या जीपचं कॉम्प्रेशनच कमी, साडेसहाच्या आसपास. तिचा चांगला आकडाही नव्या मेकॅनिकला आजारी वाटतो. महत्त्वाचा आहे तो चार सिलिंडरमधला फरक. जो कमी दाखवतो त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर गळती रिंगांपाशी, हलला नाही तर व्हॉल्व्हपाशी. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील, तर त्यांच्या मधलं गॅस्केट. एवढं केलं की निम्म्या वेळा ब्लॉकला हातही लावावा लागत नाही.

आवाजाचंही तसंच. ठोका येत असेल तर एकेका प्लगची वायर काढून पाहा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मऊ होतो, तिथलं बिग एंड बेअरिंग गेलेलं असतं. ओझ्याखाली खोल, जड धडधड आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशर खाली, तर मेन बेअरिंग.

बोअर झिजल्याचं नक्की झालं आणि हेड निघालं, की मोजमाप. सिलिंडर सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून परत फिरते त्याच्या लगेच खाली सर्वांत जास्त झिजतो, आणि पिस्टन ज्या बाजूंना दाबला जातो त्या बाजूंना अधिक. त्याच्या वर, रिंग पोचत नाही तिथे मूळ माप कंगोऱ्यासारखं शिल्लक राहतं. बोटाच्या नखाला लागतं. पिस्टन काढण्यापूर्वी तो कंगोरा काढायचा, नाहीतर रिंगा अडकून पिस्टनच फुटतो. आणि कंगोरा तसाच ठेवून नव्या रिंगा घातल्या, तर वरची रिंग त्यावर आपटून तुटते. 'नुसत्या रिंगा टाका' या स्वस्त सल्ल्याचा शेवट बऱ्याचदा असा होतो.

बोअर गेज नसेल तर जुनी युक्ती आहे. एक रिंग सिलिंडरमध्ये खाली, न झिजलेल्या भागात सरळ बसवा आणि तिच्या टोकांमधली फट फीलर गेजनं मोजा. समजा ०.४० मिलिमीटर आली. तीच रिंग वर, झिजलेल्या भागात बसवा, समजा १.०० आली. फरक ०.६०. त्याला ३.१४ नं भागा: व्यास सुमारे ०.१९ मिलिमीटरनं वाढलाय, म्हणजे इंचाच्या हजारांशांत साडेसात.

आता हिशेब लक्ष देऊन ऐका. मिस्त्री म्हणेल, साडेसात झिजलंय, दहाचा बोअर करू. पण झीज एका बाजूला असेल तर? बोअर मूळ केंद्रावरच ठेवायचा, म्हणजे त्या बाजूची साडेसात साफ व्हायला व्यासात पंधरा जातात. म्हणजे दहाची साइज चालत नाही, वीस घ्यावी लागते. साइजा साधारण दहा, वीस, तीस, चाळीस अशा. चाळीस हजारांश म्हणजे एक मिलिमीटर. तेवढीच या ब्लॉकची पुंजी. पिस्टनवर '३०' दिसला, तर तीन पायऱ्या कुणीतरी आधीच खर्चून गेलंय. चाळीस संपलं की ब्लॉक मोठा कापून त्यात स्लीव्ह दाबायची आणि पुन्हा स्टँडर्ड मापावर यायचं. काम खर्चिक, पण ब्लॉक वाचतो.

आणि ब्लॉक वाचवायचाच कशाला? १९७३ नंतर पेट्रोल महागलं, तेव्हा कित्येक जीपांची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवली गेली. भाड्यानं चालणाऱ्या गाडीला ते परवडत होतं, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पोट त्यावर होतं. काढलेलं इंजिन मात्र भंगारात गेलं. आज गणित उलटलंय. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी वा चारचाकी, मूळ स्वरूपात असली पाहिजे, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मुभा नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. आमच्या वाचनाप्रमाणे बोअर करणं, स्लीव्ह घालणं, क्रँक ग्राइंड करणं ही दुरुस्ती झाली. परकं इंजिन बसवणं हा फेरफार.

म्हणून गोठ्यामागची जीप विकायच्या आधी, किंवा 'हे इंजिन काढून डिझेल टाकू' म्हणण्याआधी, ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. जुळत असेल तर हेड काढू द्या, पिस्टनवरचा आकडा लिहून घ्या, फोटो काढा. नवे पिस्टन आधी हातात घ्या आणि मग प्रत्येक पिस्टन मोजून त्या मापाला बोअर करायला सांगा. उलट क्रमानं केलं तर फट चुकते. जुने पिस्टन फेकू नका, पोत्यात बांधून गाडीबरोबर ठेवा. इंजिन बांधून झालं की पहिले काही शे किलोमीटर ओझं नको, एकाच वेगानं हाकणं नको, आणि पहिलं तेल लवकर बदला. बदललेलं तेल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरा. बारीक चमक दिसेल, ती नव्या रिंगा बसत असल्याची. चमकीत तांबूस पापुद्रे दिसले, तर गाडी तिथेच थांबवा आणि बेअरिंग पुन्हा उघडा.