कयाधू : दोन प्रांतांची एक नदी

हिंगोली शहराजवळून वाहणाऱ्या कयाधूचे नाव पुराणातून आलेले आहे. कयाधू ही हिरण्यकशिपूची पत्नी आणि प्रल्हादाची माता. नारदाने तिला आश्रमात ठेवून घेतले आणि गर्भातील प्रल्हादाने तेथे भक्तीचा उपदेश ऐकला, अशी भागवताच्या सातव्या स्कंधातील कथा आहे. असुराच्या राणीचे नाव नदीला क्वचितच मिळते.

याच नदीच्या काठी नरसी हे गाव वसले आहे. संत नामदेवांचे (जन्म १२७०) हे जन्मगाव मानले जाते. त्यांची पदे गुरू ग्रंथसाहिबात असल्याने पंजाबातील भाविकही येथे येतात. नदी प्रल्हादाच्या आईची, तेव्हा ‘नरसी’त नरसिंह शोधण्याचा मोह अनेकांना होतो, काठावरच्या लोकांना ही जुळणी सांगायला आवडतेच.

कयाधूचा उगम मात्र हिंगोलीत नाही. तो वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात, अगरवाडीच्या परिसरात होतो. तेथून सेनगाव, हिंगोली व कळमनुरी तालुक्यांतून वाहत ती नांदेडच्या हदगाव तालुक्यात पैनगंगेला मिळते. म्हणजे जन्म विदर्भात आणि आयुष्य मराठवाड्यात!

ही विदर्भ-मराठवाडा सीमा नदीने आखलेली नाही, ती कर्जाने आखली. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज पोसली जात होती. (वेलस्लीची तैनाती फौज ती निराळी.) तिचा पगार थकत गेला, कर्ज वाढले आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. वाशीम तिकडे, हिंगोली निजामाकडे. ज्या फौजेपायी हे घडले, तिची एक प्रमुख छावणी कयाधूकाठच्या हिंगोलीतच होती. १९०३ मध्ये ती उठली, तरी रिसाला बाजार, तोफखाना ही वस्त्यांची नावे अजून तिची साक्ष देतात.

१९५६ मध्ये दोन्ही प्रदेश पुन्हा एका राज्यात आले. पुढे १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम आणि १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली वेगळा झाला. सीमा मात्र राहिली.

भूगोलाची गंमत अशी, की जिल्ह्याच्या उत्तरेकडील पाणी कयाधू-पैनगंगेत जाते, तर औंढा-वसमतकडील पाणी पूर्णेत. पूर्णा लवकरच गोदावरीला मिळते. कयाधूचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा मोठा वळसा घेऊन थेट सिरोंचाजवळ गोदावरीत पोहोचते. एकाच जलविभाजकाच्या दोन उतारांवर पडलेले थेंब शेकडो किलोमीटरनंतर पुन्हा भेटतात.

नदी हंगामी आहे. तळाशी बेसॉल्टचा काळा पाषाण. त्यात पाणी मुरते ते भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या थरातून, तेही बेताचेच. पावसाळ्यात पूर येतो, उन्हाळ्यात पात्रात डोह तेवढे उरतात, आणि वाळूचा उपसा झाला की तेही टिकत नाहीत. वाळूचा थर ओलावा धरून ठेवतो. तो गेला की काठच्या विहिरी आधी आटतात. आठ-नऊ महिने शेतात उभ्या राहणाऱ्या हळदीच्या शेतकऱ्याला हे सर्वांत आधी कळते.

पैनगंगेवर इसापूरचे मोठे धरण आहे, पण कयाधूचा संगम त्याच्या खालच्या अंगाला होतो. त्यामुळे तिचे पाणी धरणाला चुकवून पुढे जाते. खरबी येथे बंधारा बांधून ते बोगद्याने इसापूरकडे वळवण्याची योजना पुढे आली, तेव्हा हिंगोलीकरांनी विरोध केला. सिंचनाचा अनुशेष आमच्या वाट्याला, आणि आमच्याच नदीचे पाणी दुसऱ्यांच्या कालव्यांना का, हा त्यांचा प्रश्न होता. इसापूरच्या कालव्यांवर नांदेडकडील शेतीही अवलंबून आहे, आणि संगमापुढे वाहून जाणारे पाणी अडवावे, असे तिकडचे म्हणणे. हा वाद विदर्भ-मराठवाड्याचा नाही. दोन्ही बाजू मराठवाड्यातल्याच आहेत.