जनगणनेतला एक रकाना आणि आपलं लसीचं कार्ड



डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरला मुलांना घेऊन गेलात की ऑस्कर वाइल्डच्या त्या रंगीत पुतळ्यापाशी फोटो होतोच. रस्त्यापलीकडचं कोपऱ्यावरचं घर त्याच्या वडिलांचं. विल्यम वाइल्ड हे डोळ्यांचे आणि कानांचे डॉक्टर. १८५१ च्या आयरिश जनगणनेत मूकबधिर आणि अंध माणसं किती, हे मोजण्याचं काम त्यांनी पाहिलं. १९११ च्या जनगणनेचे फॉर्म ऑनलाइन फुकट बघता येतात. त्यातही तो रकाना आहे. (त्यातले शब्द आज वाचवत नाहीत, ते सोडा.)

अशा रकान्याचा उपयोग काय, हे शंभर वर्षांनी कळलं, तेही ऑस्ट्रेलियात. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मजात मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची माहिती मांडली. त्यातल्या ६८ जणांच्या आयांना गरोदरपणात रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, होऊन गेला होता; बहुतेकींना अगदी सुरुवातीच्या महिन्यांत. थोडं पुरळ, थोडा ताप, दोन-तीन दिवसांत बरं. एवढ्याशा आजाराला कोण घाबरणार? बऱ्याच डॉक्टरांना ते पटलंच नाही.

मग ऑलिव्हर लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने जुन्या जनगणना काढल्या. १९११ मध्ये १० ते १४ वयाचे कर्णबधिर अचानक जास्त दिसत होते. १९२१ मध्ये तोच फुगवटा २० ते २४ वयात. म्हणजे १८९९ च्या आसपास जन्मलेली मुलं, आणि तेव्हा तिथे रुबेलाची साथ होती! हे त्याने १९५१ मध्ये छापलं. त्या आयांना मात्र आपल्या लेकराला ऐकू का येत नाही, हे कधीच कळलं नसणार.

आयर्लंडमध्ये १९७१ पासून शाळेतल्या मुलींना रुबेलाची लस मिळू लागली, १९८८ पासून सगळ्या बाळांना एमएमआर. जन्मजात दोषांची युरोकॅट ही युरोपीय नोंदणी १९७९ मध्ये सुरू झाली, त्यात डब्लिन अगदी सुरुवातीपासून आहे.

आणि आपण? आपल्याकडे सरकारी लसीकरणात १९८५ पासून गोवराची लस होती, रुबेलाची नव्हती. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली नोव्हेंबर २०१८ मध्ये, तीही १५ वर्षांखालच्या मुलांसाठी. इथे नोकरीनिमित्त आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणी त्याआधीच मोठ्या झालेल्या. खाजगी डॉक्टरांकडे एमएमआर घेतली असेल तर ठीक. पण आईने जपून ठेवलेल्या कार्डावर नुसतं ‘गोवर’ लिहिलेलं असेल, तर त्यात रुबेला नाही.

इथे गरोदरपणात पहिल्या भेटीत रक्त घेतात तेव्हा रुबेलाही बघतात. पण ती लस जिवंत विषाणूची, त्यामुळे गरोदरपणात देता येत नाही, थेट बाळंतपणानंतरच. म्हणून बाळाचा विचार करत असाल तर आधीच जीपीकडे जाऊन विचारा. लस घेतली तर पुढे एक महिना थांबावं लागतं. आणि पहिल्या बाळाच्या वेळचा रिपोर्ट फाइलमध्ये असेल, तर आज रात्री मुलं झोपली की काढून बघा.