उतारवयाच्या खेळाडूचे मोल



अमेरिकेतील फुटबॉलपटूंच्या पगारावर बोलण्याचा अधिकार कामगार चळवळीतील माणसास कोठून आला, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. शंका रास्त आहे. तो खेळ आम्ही कधी खेळलेलो नाही. परंतु करार, पगार, बोनस आणि मुदतवाढ या चार गोष्टींशी आमचा तीस वर्षांचा संबंध आहे, आणि ज्या वादाचा इतिहास आज सांगावयाचा आहे तो याच चार गोष्टींचा आहे. वाद असा : ज्या खेळाडूने पंधरा-सोळा वर्षे संघाची सेवा केली, कीर्ती मिळवून दिली, त्याच्या वयाला उतार लागला असता कोट्यवधी डॉलर मोजून त्याचा करार वाढवावा, की नमस्कार करून त्याला निरोप द्यावा?

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकन फुटबॉल हा पायाने कमी आणि हाताने अधिक खेळतात. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात आणि चेंडू लांबट असतो. प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवावयाचे, की चेंडू दूर धावणाऱ्या सोबत्याकडे फेकावा, जवळच्याच्या हाती द्यावा, की स्वतः पळावे. तेवढ्या अवधीत समोरून धिप्पाड गडी त्याला भुईसपाट करावयास येत असतात आणि त्याच्या पुढे उभे असलेले पाच सोबती आपल्या अंगावर मार घेऊन त्यांना थोपवतात. ही पाच माणसे लक्षात ठेवा. त्यांचे नाव गावात फारसे कोणी घेत नाही, पण पुढे आपल्याला त्यांच्याकडे परत यावे लागेल.

या वादासाठी ग्रीन बे हे गाव आम्ही मुद्दाम निवडले आहे. विस्कॉन्सिन राज्यातील हे सुमारे एक लाख वस्तीचे गाव. १९१९ साली येथे कर्ली लॅम्बो नावाचा तरुण मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीत नोकरीस होता. गणवेषासाठी त्याने कंपनीकडून पैसे मागून घेतले आणि संघ उभा केला. मांस भरणाऱ्यांचा संघ म्हणून त्याचे नाव पॅकर्स पडले. १९२३ साली संघ पैशाच्या अडचणीत आला, तेव्हा गावकऱ्यांनी पाच-पाच डॉलरचे भाग विकत घेऊन त्याची ना-नफा संस्था केली. पुढे १९३५, १९५०, १९९७, २०११ आणि २०२१ या साली पुन्हा भाग विकले गेले. आज भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत. या भागांवर लाभांश मिळत नाही आणि ते बाजारात विकताही येत नाहीत. अमेरिकेतील बाकीचे संघ एकेका धनिकाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या मालकीचे आहेत. ग्रीन बेमध्ये मात्र शेठ नाही. म्हणून तेथे हा वाद निघतो, तेव्हा सारे खापर मालकाच्या माथी फोडून मोकळे होता येत नाही.

असा वाद त्या गावात दोनदा झाला. पहिला ब्रेट फार्व याच्याबद्दल. तो १९९२ साली आला, १९९५ ते १९९७ असा लागोपाठ तीन हंगाम देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जानेवारी १९९७ मध्ये त्याने गावाला अजिंक्यपद मिळवून दिले. २००१ साली त्याच्याशी दहा वर्षांचा, सुमारे दहा कोटी डॉलरचा करार झाला. लोक त्याला जन्माचा करार म्हणत. तो सातव्या वर्षीच संपला. मार्च २००८ मध्ये फार्वने निवृत्ती जाहीर केली आणि उन्हाळ्यात परत येण्याची इच्छा दर्शविली. तोवर संघाने आरन रॉजर्स या तरुणावर भिस्त ठेवण्याचे ठरविले होते. गावात दोन तट पडले. ऑगस्टमध्ये फार्वला न्यूयॉर्कच्या जेट्स संघाकडे धाडण्यात आले. तेव्हा त्याचे वय ३८ होते.

निकाल काय लागला? रॉजर्सने फेब्रुवारी २०११ मध्ये अजिंक्यपद आणले, म्हणून तरुणाच्या पक्षाचे लोक म्हणाले की आमचे खरे झाले. परंतु फार्व २००९ साली शेजारच्या मिनेसोटा संघात गेला, चाळिशीत पोहोचला आणि त्या हंगामात ग्रीन बेला दोनदा हरवून गेला. तेव्हा जुन्याच्या पक्षाचे लोकही म्हणू शकले की आमचेच खरे होते.

दुसरा वाद याच रॉजर्सबद्दल. २०२० साली संघाने जॉर्डन लव्ह हा तरुण क्वार्टरबॅक घेऊन ठेवला. फार्वच्या मागे पूर्वी रॉजर्स जसा बसला होता, तसाच आता रॉजर्सच्या मागे लव्ह. म्हाताऱ्या वाघाने उत्तर दिले ते मैदानावर. २०२० आणि २०२१ या दोन्ही हंगामांत तो सर्वोत्तम ठरला. मार्च २०२२ मध्ये संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा, १५ कोटी ८ लाख डॉलरचा नवा करार केला. त्याचेही वय ३८. पुढील हंगामात संघ आठ सामने जिंकला व नऊ हरला. एप्रिल २०२३ मध्ये रॉजर्स, फार्वप्रमाणेच, जेट्सकडे गेला. ११ सप्टेंबर २०२३ रोजी तेथील पहिल्याच सामन्यात, चौथ्याच डावाला, त्याच्या टाचेची शीर तुटली आणि हंगाम संपला.

या साऱ्यांतून कोणी असे अनुमान काढील, की म्हाताऱ्यावर पैसा लावणे हा जुगार आहे. तसे असेल तर टॉम ब्रेडीचे काय म्हणावयाचे? न्यू इंग्लंडच्या संघाने त्याच्याशी लांब मुदतीचा करार केला नाही. तो ४२ व्या वर्षी, मार्च २०२० मध्ये, टँपा बे येथे गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ४३ व्या वर्षी अजिंक्य झाला. वयावरून कामाचे भाकीत करणारा ज्योतिषी अजून जन्मावयाचा आहे. तेव्हा प्रश्न वयाचा म्हणून सोडवू गेल्यास सुटत नाही. तो मजुरीचा प्रश्न म्हणून पाहावा लागतो, आणि त्यासाठी मजुरीचा इतिहास पाहिला पाहिजे.

१९५६ साली खेळाडूंनी युनियन स्थापली. त्यांच्या पहिल्या मागण्या ऐकून आपणांस आपल्याकडील एखाद्या कारखान्याची आठवण होईल : वर्षाला किमान पाच हजार डॉलर पगार, गणवेष व साहित्य संघाच्या खर्चाने, आणि दुखापत झाली तरी पगार चालू. करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. १९६३ पासून तर नियमच होता, की करार संपलेल्या खेळाडूस जो नवा संघ घेईल त्याने जुन्या संघास भरपाई द्यावी, आणि ती आयुक्त रोझेल यांनी ठरवावी. या भीतीने सहसा कोणी कोणाचा खेळाडू घेईना. जॉन मॅकी या खेळाडूने व त्याच्या सोबत्यांनी कोर्टात जाऊन १९७६ पर्यंत हा नियम मोडून काढला. १९८२ साली ५७ दिवसांचा संप झाला. १९८७ साली पुन्हा संप झाला, तेव्हा मालकांनी दुसरेच खेळाडू उभे करून तीन आठवड्यांचे सामने खेळविले आणि संप मोडला. शेवटी कोर्टातील लढाईतून १९९३ साली तडजोड झाली. करार संपलेला अनुभवी खेळाडू मोकळा झाला. ज्याच्या नावावर तो दावा होता तो रेगी व्हाइट त्याच वर्षी मोकळेपणाने नवा संघ निवडून गेला, तो नेमका ग्रीन बेमध्ये.

पण तडजोड म्हटली की देवाणघेवाण आली. मोकळीक मिळाली, तिच्या बदल्यात पगाराला कमाल मर्यादा आली. १९९४ साली प्रत्येक संघाने सर्व खेळाडूंवर मिळून ३ कोटी ४६ लाख डॉलरपेक्षा अधिक खर्च करू नये असे ठरले. खेळाचे उत्पन्न वाढत गेले तशी मर्यादाही वाढली. २०२३ साली ती २२ कोटी ४८ लाख आणि २०२५ साली २७ कोटी ९२ लाख होती. एकूण उत्पन्नात खेळाडूंचा वाटा ठरला, हा युनियनचा मोठा विजय होय, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणू. तथापि या मर्यादेने वादाचे स्वरूप पार पालटले.

पंक्तीत पन्नासएक पाने मांडली आहेत आणि लाडवांची परात एकच आहे, अशी कल्पना करा. एका पानावर दहा लाडू वाढले तर ते यजमानाच्या कोठीतून येत नाहीत, शेजारच्या पानांवरून येतात. क्वार्टरबॅकची मुदतवाढ ही अशी आहे. मार्च २०२२ मध्ये रॉजर्सचा करार ठरला आणि त्याच महिन्यात मर्यादेत बसण्यासाठी झॅडॅरियस स्मिथ व बिली टर्नर यांना संघाने मोकळे केले. यांपैकी टर्नर हा त्या पाच थोपवणाऱ्यांपैकी होता. शिवाय आगाऊ दिलेला बोनस हिशेबात पुढील वर्षांवर वाटून धरतात, आणि खेळाडू गेला की उरलेला बोजा संघाच्या माथी बसतो. रॉजर्स निघून गेल्यावर २०२३ च्या हिशेबात त्याच्या नावे ४ कोटी ३ लाख डॉलर उरले, म्हणजे मर्यादेच्या शंभरांतील जवळजवळ अठरा. विकलेल्या बैलाचे हप्ते फेडावे, तसा हा प्रकार.

म्हणून चौकात उभा राहून जो म्हणतो, "द्या हो त्याला, त्याने आपल्यासाठी काय कमी केले?" तो हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवीत असतो. आणि जो म्हणतो, "फार हावरा झाला, हाकला त्याला," त्यालाही आमचे सांगणे आहे. तरुणपणी या खेळाडूस आपले मोल मागता येत नाही. कोणत्या संघात जावयाचे हे तो निवडत नाही, संघ त्याला निवडतात. २०११ च्या करारापासून तर नवख्यांचे पगार ठरीव कोष्टकाने बांधले गेले आहेत आणि चार वर्षे त्याला तेथून हलता येत नाही. उमेदीच्या वर्षांत त्याच्या कामाचे मोल कमी दिलेले असते. उतारवयात तो जे मागतो, त्यांत ही मागील बाकी असते. आपल्याकडे ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा झाला तेव्हा दीर्घ सेवेचा मोबदला हे मालकाचे दान न राहता कामगाराचा हक्क ठरला. म्हाताऱ्या खेळाडूची मागणी याच जातीची आहे.

मात्र येथे एक मोठा अन्याय लपलेला आहे. ही मागील बाकी वसूल करावयास माणूस तेथवर टिकावा लागतो. या खेळातील सरासरी कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांची, असे त्यांची युनियनच सांगते. म्हणजे नवख्याचा पहिला करार पुरा होण्याआधीच बहुतेकांचे गुडघे किंवा खांदे गेलेले असतात. त्यांच्या कराराचा बराचसा भाग हमीचा नसतो. संघाने मोकळे केले की पुढचे आकडे कागदावर राहतात. पेन्शनसाठी तीन हंगाम पुरे व्हावे लागतात. बाकी शेकडोंची बुडते आणि वसुली दोघा-चौघांची होते.

बाल्टिमोरचा जॉनी युनायटस हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक. १९५५ साली पहिल्या संघाने त्याला काढून टाकले, तेव्हा तो बांधकामावर मजुरी करी आणि सामन्याला सहा डॉलर घेऊन गल्लीतील संघात खेळे. पुढे बाल्टिमोरला त्याने १९५८ आणि १९५९ अशी दोन अजिंक्यपदे दिली. १९७३ साली, ३९ व्या वर्षी, संघाने त्याला सॅन डिएगोला दीड लाख डॉलरना विकले. गरज सरो, वैद्य मरो. म्हातारपणी त्याचा उजवा हात, ज्या हाताने त्याने ही कीर्ती मिळविली तोच, इतका निकामी झाला की त्याने काटा धरून जेवताही येईना. त्याने अपंगत्वाची भरपाई मागितली आणि ती नाकारण्यात आली. २००२ साली तो वारला. एवढ्या मोठ्या नावाच्या माणसाची ही गत, तर त्याच्यापुढे उभे राहून मार खाल्लेल्या पाचांना कोण विचारतो?

आमचे मत सांगतो. करार हा पुढील कामाचा असावा. चाळिशीला टेकलेल्या खेळाडूस एकेका वर्षाचा करार द्यावा आणि त्या वर्षाचे पूर्ण मोल, हात आखडता न घेता, द्यावे. मागील सेवेची कृतज्ञता करारात मिसळू नये. तिची जागा पेन्शन, औषधोपचार आणि अपंगत्वाची भरपाई ही आहे, आणि ती एक हंगाम खेळलेल्यासही मिळाली पाहिजे. खेळाडूंच्या पेन्शनीची योजना १९६२ साली सुरू झाली, तेव्हा १९५९ पूर्वी खेळ सोडलेल्यांना तिच्यात जागा नव्हती. ती पुढे भांडून मिळवावी लागली. भांडल्याने मिळते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

ग्रीन बेच्या लोकांना शेठ नसल्यामुळे एक संधी आहे, जी इतर गावांना नाही. आज जॉर्डन लव्ह तेथे खेळतो. तोही एक दिवस ३८ वर्षांचा होईल आणि गावात पुन्हा दोन तट पडतील. तेव्हा भागधारकांच्या सभेत एखाद्याने उठून एवढेच विचारावे, की लव्हला किती द्यावयाचे हे आपण ठरवूच. पण ज्यांनी त्याच्यासाठी मार खाल्ला, त्यांचे गुडघे आज कसे आहेत? १९५६ च्या मागण्यांत दुखापतीचा पगार ही एक मागणी होती. तिचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.