दुपट्यापासून डायपरपर्यंत : बालसंगोपनातील एका घरखर्चाचा इतिहास

प्रास्ताविक

कौटुंबिक अर्थव्यवहाराच्या इतिहासात धान्य, कापड, घरभाडे, औषधपाणी या खर्चांची नोंद सापडते. तान्ह्या मुलाच्या लंगोटांचा खर्च मात्र जमाखर्चाच्या वहीत क्वचितच आढळतो. तो खर्च नव्हता असे नव्हे. मराठी घरांत बाळंतपणाआधीच जुनी लुगडी आणि धोतरे फाडून लंगोट व दुपटी शिवून ठेवण्याची रीत होती. अनेक धुण्यांनी मऊ झालेले सुती कापड तान्ह्या अंगाला मानवते, शिवाय त्यासाठी वेगळा पैसा मोजावा लागत नसे. पुढील दीड-दोन वर्षे ती रोज धुणे, उन्हात वाळविणे आणि पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून तीवर पसरणे, हे काम आई, आजी, आत्या, घरातील थोरली मुलगी किंवा मोलकरीण यांच्या वाट्याला येई. पाणी, सरपण आणि स्त्रियांचे श्रम या स्वरूपात हा खर्च होतच होता. तो रुपया-आण्यांत मांडण्याची गरज मात्र कोणास वाटली नाही.

एकदा वापरून टाकून द्यावयाच्या डायपरने हा खर्च प्रथमच रोख रकमेत आणला. या स्थित्यंतराचे टप्पे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्पष्टपणे पाहता येतात. श्रमाने फेडला जाणारा खर्च पैशाने फेडण्याची सक्ती झाली, तेव्हा ज्या कुटुंबांजवळ पैसा नव्हता आणि धुण्याची सोयही उरली नव्हती त्यांचे काय झाले, हा या इतिहासातील खरा प्रश्न होय.

धुलाईचे युग

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन घरांतही सुती लंगोटच वापरात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत जाऊ लागल्या आणि घरोघर जाऊन मळके लंगोट नेणाऱ्या व धुतलेले परत आणून देणाऱ्या धुलाई सेवांना मागणी वाढली. घरातील श्रमाला बाजारभाव लाभण्याची ही पहिली पायरी म्हणता येईल. अर्थात ती मध्यमवर्गापुरतीच होती.

कनेक्टिकटमधील मॅरियन डोनोव्हन यांनी १९४६ च्या सुमारास न्हाणीघरातील पडद्याच्या कापडापासून लंगोटावरील जलरोधक आवरण तयार केले. १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अॅव्हेन्यू या दुकानात विक्रीस आले आणि १९५१ मध्ये त्याचे पेटंट मिळाल्यावर त्याचे हक्क दहा लक्ष डॉलरला विकले गेले. यानंतर त्यांनी कागदी डायपरची कल्पना कारखानदारांपुढे मांडली, परंतु ती कोणी स्वीकारली नाही. लंगोट धुण्याचे कष्ट ज्यांना कधी करावे लागले नव्हते त्यांना त्यातून सुटका ही विकण्याजोगी वस्तू वाटली नसावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

पिओरियातील दहा सेंट

प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने १९५७ मध्ये शार्मिन ही कागद गिरणी विकत घेतली. कंपनीचे संशोधक व्हिक्टर मिल्स यांच्या मार्गदर्शनाखाली टाकाऊ डायपरवर प्रयोग सुरू झाले. डिसेंबर १९६१ मध्ये इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे ‘पॅम्पर्स’ची चाचणी विक्री झाली. नगाची किंमत सुमारे दहा सेंट होती. वस्तू मातांना आवडली, तरीही खप अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी राहिला. घरी लंगोट धुण्यास किंवा धुलाई सेवेकडे देण्यास यापेक्षा बराच कमी खर्च येत असे. प्रवासात किंवा पाहुण्यांकडे जाताना वापरावयाची चैनीची वस्तू म्हणूनच डायपरकडे पाहिले गेले.

या अपयशातून कंपनीने जो निष्कर्ष काढला तो महत्त्वाचा आहे. किंमत कमी करावयाची तर उत्पादन प्रचंड प्रमाणात झाले पाहिजे आणि उत्पादन तेवढे वाढवावयाचे तर डायपर रोजच्या वापरात आला पाहिजे. यंत्रे सुधारून नगाची किंमत सहा सेंटच्या आसपास आणली गेली, तेव्हा विक्रीने वेग घेतला. त्यानंतरच्या दोन दशकांत सुती लंगोट बहुसंख्य अमेरिकन घरांतून मागे पडला आणि धुलाई सेवाही एकामागून एक बंद झाल्या. दर नगामागे किंमत उतरली हे खरे. पण मूल जन्मल्यापासून दोन-अडीच वर्षे दर आठवड्यास रोख पैसा लागणार, हे आता ठरून गेले. जुना मार्ग नाहीसा झाल्यावर ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ बदलतो, ही बाब किंमतीच्या आकड्यांवरून कळत नाही.

कल्याणयोजनांतील पोकळी

अमेरिकेतील गरीब कुटुंबांसाठीच्या प्रमुख योजना अन्नाभोवती उभ्या राहिल्या. १९६४ च्या कायद्याने अन्न-कुपने स्थिर झाली, तर गर्भवती, माता व पाच वर्षांखालील बालके यांच्यासाठीची पूरक पोषण योजना १९७४ मध्ये कायम झाली. दोहोंतून डायपर घेता येत नाहीत. बालकाच्या पोषणासाठी सरकारी साहाय्य मिळते, परंतु त्याच्या स्वच्छतेसाठी मिळत नाही, अशी ही विचित्र विभागणी आहे. डायपरसाठी उपयोगी पडणारे साहाय्य रोख रकमेचे, आणि १९९६ च्या कल्याणसुधारणेनंतर तेच आटले. त्या वर्षी दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना रोख साहाय्य मिळत असे. २०२० मध्ये ही संख्या २१ वर आली.

‘सुती लंगोट वापरावेत’ हा सल्ला अशा कुटुंबांस सहज दिला जातो. प्रत्यक्षात भाड्याच्या घरात धुलाई यंत्र नसते, अनेक सार्वजनिक धुलाई केंद्रांत मळके लंगोट धुण्यास मनाई असते आणि बहुतेक पाळणाघरे टाकाऊ डायपरचाच आग्रह धरतात. डायपर नाहीत म्हणून मूल पाळणाघरात ठेवता येत नाही आणि मूल ठेवता येत नाही म्हणून आईला कामावर जाता येत नाही. मोठा गठ्ठा एकदम घेण्याइतके पैसे नसल्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून लहान पाकीट चढ्या दराने घ्यावे लागते. व्हाइट हाउसने २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, डायपर विकत घेणाऱ्या सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांच्या करोत्तर उत्पन्नाचा सुमारे १४ टक्के भाग केवळ यावर जात होता.

न्यू हेवन येथील गर्भवती स्त्रिया व माता यांच्या पाहणीवर आधारित निबंध २०१३ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाहणीतील सुमारे ३० टक्के स्त्रियांना पुरेसे डायपर घेणे परवडत नव्हते आणि या अभावाचा मातांच्या मानसिक अस्वास्थ्याशी संबंध आढळला. त्याच शहरात समाजकार्यकर्त्या जोअॅन गोल्डब्लम यांनी २००४ मध्ये ‘डायपर बँक’ सुरू केली होती. अशा प्रकारचा पहिला उपक्रम अॅरिझोनातील ट्यूसॉन येथे १९९४ मध्ये झाला होता. धान्यकोठीच्या धर्तीवर डायपरची कोठी उभारावी लागावी, यातच एक मोठे सामाजिक भाष्य आहे.

राज्यांनी उशिराने लक्ष घातले. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने ठराविक गरजू कुटुंबांसाठी बालकामागे दरमहा ३० डॉलरची तरतूद केली आणि २०२० पासून विक्रीकर उठविला. टेनेसीला २०२४ मध्ये वैद्यकीय साहाय्य योजनेतून दोन वर्षांखालील बालकांस दरमहा १०० डायपर देण्याची मान्यता मिळाली. दिवसाला सहा नग धरले तरी महिन्याची गरज १८० होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

लंगोट आणि दुपट्यांच्या घरात डायपर शिरला तो १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर. त्या सुमारास हिंदुस्थान लिव्हर व किंबर्ली-क्लार्क यांच्या संयुक्त उपक्रमाने ‘हगीज’ भारतीय बाजारात आणले. विभक्त कुटुंब, नोकरी करणारी आई, पाण्याची टंचाई आणि शहरी सदनिकांतील वाळवणाच्या जागेचा अभाव यांनी त्यास वाट करून दिली. येथेही खर्च एका हातातून दुसऱ्या हातात गेला. पूर्वी दुपटी धुणारी आजी वा मोलकरीण, आता वापरलेला डायपर हाताने वेगळा करणारी कचरावेचक स्त्री. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने असा कचरा वेगळा गुंडाळून देण्याचा आग्रह धरला, तो याच कारणाने.

करव्यवस्थेतही हीच संदिग्धता दिसते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा बालकांचे डायपर १२ टक्क्यांच्या गटात गेले. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी नॅपकिन करमुक्त झाले, परंतु डायपरचा दर तसाच राहिला. तो ५ टक्क्यांवर येण्यास २२ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले.