पालक, मार्माइट आणि परळ

भाचीला ल्युकेमिया झाल्याचं कळल्यापासून आमच्या देहूरोडच्या घरात खाण्यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी कुठल्या लग्नातही झाली नसेल. साखर तोडा, गव्हांकुराचा कच्चा रस द्या, रक्तवाढीचं टॉनिक द्या... तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे फोन आले, मायेनंच आले. त्यातल्या टॉनिकमागे एक जुनी हकिकत आहे. सुरू होते मुंबईतच.

१९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडायच्या, काही दगावायच्या. विल्सबाईंना संशय आहाराचा. बरेच प्रयोग झाल्यावर गुण आला तो मार्माइटनं, म्हणजे यीस्टच्या त्या काळ्या, खारट चाटणानं! १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पण त्यात नेमकं काय होतं, हे कोडंच होतं.

१९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा काढला गेला. पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून नाव ठेवलं फोलिक ॲसिड. विल्सबाईंच्या कोड्याचं उत्तर हेच निघालं. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. निव्वळ योगायोग, पण मला आवडला.

आता खरी गंमत. (गंमत म्हणवत नाही, पण असो.) बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक ॲसिडची संयुगं दिली. अशक्त बायकांना उभं करणाऱ्या त्या पदार्थानं इथे आजारच जोर धरतोय, असं त्यांना दिसलं. मग त्यांनी विचार उलटा फिरवला: फोलिक ॲसिडची वाटच अडवली तर? तशी औषधं लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं बनवली. सुब्बाराव भीमावरमचे. जून १९४८ मध्ये फार्बरनी लिहिलं की सोळापैकी दहा मुलांना उतार पडला. तो काही महिनेच टिकला, पण त्याआधी तेवढंही कुणी पाहिलं नव्हतं. ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले.

भाची दर आठवड्याला घेते ते मेथोट्रेक्सेट याच घराण्यातलं. आणि रक्तवाढीच्या बहुतेक टॉनिकांत असतं फोलिक ॲसिड! म्हणजे एका हातानं वाट अडवायची आणि दुसऱ्यानं मोकळी करायची. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली पाठवू नका. पालकाची भाजी मात्र चालू आहे, नीट धुऊन, शिजवून. कच्चा रस नको, पांढऱ्या पेशी कमी असताना जंतूंची भीती असते.

स्टेरॉइडच्या दिवसांत तिला रात्री दोनलाही भूक लागते. पंधराव्या वर्षी एरवीही लागतेच म्हणा. पण ही भूक वजन वाढवते आणि स्टेरॉइड हाडं व स्नायू कमजोर करतं, म्हणून चालणं हवंच. त्यात व्हिनक्रिस्टीननं (हे सदाफुलीतून मिळतं बरं का) पावलं जड झाली आहेत. फिजिओथेरपिस्टनी टाचांवर चालायला शिकवलंय. पूर्वी ती घोरावडेश्वरच्या पायऱ्या धावत चढायची. सध्या रोज संध्याकाळी स्टेशनपर्यंत जाते, येताना एकदा बसते. सोबत आई असेल तर कुरकुरते, मी असलो तर गप्पा मारते.

काही पाठवायचंच असेल तर बुटांचा नंबर विचारा. जुने आता घट्ट होतात.