मेज, पंगत आणि व्याख्यानपीठ : कोल्हापुरातील युद्धविषयक भाषणांची पूर्वपीठिका

मोजक्या निमंत्रितांनी मेजाभोवती एकत्र जेवावे आणि त्यांच्यासमोर पाहुणा म्हणून आलेल्या सेनानीने युद्ध किंवा देशाचे संरक्षण या विषयावर बोलावे, ही रीत मुळात क्लबांची आणि लष्करी मेसची, म्हणजे अधिकाऱ्यांच्या सामायिक भोजनगृहाची. हिंदुस्थानात तिचे दोन घटक वेगवेगळ्या वाटांनी आले. लष्करी विषयावरील अभ्यासपूर्ण व्याख्यानाला १८७० साली सिमल्यात स्थापन झालेल्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या अधिकाऱ्यांच्या संस्थेने शिस्त दिली. भोजन आणि पाहुण्यांचे भाषण यांची सांगड मात्र १९०५ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या रोटरी चळवळीने नागरी जीवनात रुजवली आणि ही चळवळ १९१९ मध्ये कलकत्त्यात व १९२९ मध्ये मुंबईत पोचली. कोल्हापुरातही पुढे रोटरीच्या शाखा निघाल्या. तरीही या शहरात युद्धावरचे बोलणे प्रामुख्याने मेजावर वाढले नाही, ते खुल्या सभागृहात वाढले. आणि त्याचे कारण शोधताना येथील भोजनाच्या इतिहासापासूनच आरंभ करावा लागतो.

कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभीच्या करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानात शिष्टाचाराचा नव्हता, तो माणसाच्या प्रतिष्ठेचा होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना करून वसतिगृहांची जी परंपरा उभी केली, तिच्यामुळे खेड्यापाड्यांतील मुलांची शहरात राहण्याजेवणाची सोय झाली. परंतु ही वसतिगृहे बहुतांशी जातवार होती, त्यामुळे शिक्षणाचे दार उघडले तरी पंगत वेगळीच राहिली. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गृहस्थाच्या उपाहारगृहात महाराज स्वतः जाऊन चहा घेत, या कृतीचे मोल त्या पार्श्वभूमीवर कळते. ज्या समाजात एक कप चहा ही सुधारणेची कृती ठरत होती, तेथे मेजाभोवतीचे व्याख्यान सर्वांचे होणे शक्यच नव्हते.

सैन्यातही अन्नाचा प्रश्न सुटलेला नव्हता. अधिकाऱ्यांचा मेस आणि शिपायांचा लंगर, म्हणजे पलटणीचा सामायिक मुदपाकखाना, हे वेगळे होतेच. शिवाय लंगरातही धर्माचे व जातीचे निर्बंध पाळले जात. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात तुर्की सैन्याचा वेढा पडला, तेव्हा आत अडकलेल्या फौजेत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले तरी घोड्याचे मांस खाण्यास अनेक हिंदी शिपाई दीर्घकाळ तयार झाले नाहीत आणि उपासमारीने खंगलेली ती फौज २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. शाहू महाराजांनी याच महायुद्धात सैन्यभरतीला मोठे साहाय्य केले होते. त्यामुळे अशा दूरच्या रणांगणांच्या कथा परतलेल्या शिपायांच्या तोंडून करवीरच्या गावांत आल्या. युद्धाचे ते पहिले खरे व्याख्यान होते, आणि ते गावच्या पारावर झाले. लष्करात पुढे रुळलेला 'बडा खाना', ज्यात विशेष प्रसंगी अधिकारी व जवान एकत्र जेवतात, हा मेस आणि लंगर यांतील अंतर काही तासांपुरते पुसणारा प्रकार असून सहभोजनाच्या कल्पनेला तो क्लबातील मेजवानीपेक्षा अधिक जवळचा आहे.

दुसरीकडे, खुल्या व्याख्यानाची सवय महाराष्ट्राला जुनी होती. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि कोल्हापुरात १८५० पासूनच, आज करवीर नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले जाणारे ग्रंथालय वाचकवर्ग घडवीत होते. या वर्गाला संरक्षणाचा प्रश्न आपला वाटू लागला तो १९६२ मध्ये. शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाले, आणि त्याच सुमारास चीनच्या आक्रमणात ईशान्येकडील नेफा प्रदेशात से-ला आणि बोमदिला ही ठाणी हातची जात होती. त्याच आठवड्यात राजाराम महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी यशवंतराव चव्हाण यांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली.

या पराभवाचा इशारा आधी देणारा सेनानी कोल्हापूर परिसरातलाच होता, ही गोष्ट येथे अधिक विस्ताराने नोंदवणे अगत्याचे आहे. वडगाव येथे १९०६ मध्ये जन्मलेले शंकरराव थोरात सँडहर्स्टमधून अधिकारी झाले, जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या बटालियनचे नेतृत्व करून डीएसओ हा सन्मान मिळवला, कोरियातील युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी १९५३ मध्ये गेलेल्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते आणि १९५७ पासून पूर्व विभागाची सूत्रे त्यांच्याकडे होती. मॅकमहोन रेषेवर, म्हणजे चीनलगतच्या ईशान्य सीमेवर, हलकी ठाणी ठेवून मुख्य संरक्षणफळी मागे, रसद पोचू शकेल अशा भूभागात उभारावी, असा आराखडा त्यांनी १९५९ मध्ये सादर केला आणि १९६० मध्ये 'लाल किला' या सरावातून, म्हणजे काल्पनिक युद्धाच्या अभ्यासातून, तो अधिकाऱ्यांसमोर मांडला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्याकडे दुर्लक्ष केले. युद्धानंतर पंतप्रधान नेहरूंनी विचारणा केली, तेव्हा तो आराखडा त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता असे उघड झाल्याचे थोरातांनी लिहून ठेवले आहे. राष्ट्राच्या जीविताशी निगडित असलेले एवढे मोलाचे विवेचन बंद दालनात झाले आणि तेथेच विरले. गोपनीयता आवश्यक असते हे मान्य करूनही, संरक्षणाची मूलतत्त्वे नागरिकांना ठाऊक असती तर शासनाला विचारणारे कोणी असते, असे म्हणावेसे वाटते.

दसरा चौकातील शाहू स्मारक भवनासारख्या सभागृहांत होणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या व्याख्यानांचे महत्त्व या इतिहासामुळे ठरते. तेथे ताटाचे आमंत्रण लागत नाही. ज्याचा मुलगा सीमेवर आहे असा शेतकरी आणि विद्यापीठाचा प्राध्यापक शेजारी बसून ऐकू शकतात. उणीव आहे ती नोंदीची. सिमल्यातील त्या संस्थेने आरंभापासूनच नियतकालिक चालवले, म्हणून तेथे मांडलेले विचार आजही वाचता येतात. थोरातांचे अनुभव टिकले तेही त्यांनी 'माझी शिपाईगिरी' लिहिली म्हणून. कोल्हापुरात व्याख्याने आयोजित करणाऱ्या संस्थांनी प्रत्येक भाषण आणि त्यानंतरची प्रश्नोत्तरे शब्दशः उतरवून, वक्त्याकडून तपासून, ग्रंथालयात ठेवावीत.