दिवस तिचे, हिशेब कोणाकडे? पाळीच्या नोंदीचा संक्षिप्त इतिहास (थ्रेड)

१/ अनेक घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी, सिलिंडरच्या तारखेशेजारी एखादा बारीक ठिपका असे. त्याचा अर्थ तो करणारीलाच ठाऊक. आज तो ठिपका मोबाइलमध्ये गेला आहे. पाळीच्या नोंदीसाठी कोणते ॲप निवडावे, हा प्रश्न वरवर तंत्रज्ञानाचा वाटतो. परंतु त्याचे निम्मे उत्तर इतिहासात आहे.

२/ दिवस मोजण्याची प्रथा जुनी आहे. मात्र मोजणारी व्यक्ती दर वेळी ती स्त्रीच होती, असे नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकाळ सोळा रात्रींचा सांगितला आहे. पहिल्या चार रात्री वर्ज्य, अकरावी आणि तेरावीही वर्ज्य. सम रात्री पुत्रासाठी, विषम रात्री कन्येसाठी. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा आहेच. पण त्याहून महत्त्वाचे हे की तो पतीला उद्देशून सांगितलेला आहे.

३/ महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत तर वेगळ्या नोंदीची गरजच नव्हती. ‘कावळा शिवला’ म्हणून बाई बाजूला बसली की सासूपासून शेजारणीपर्यंत सर्वांना तारीख कळे. पाळीविषयी उघड बोलायचे नाही, आणि ती लपवण्याचीही मुभा नाही, अशी ही दुहेरी कोंडी होती. त्या पार्श्वभूमीवर कॅलेंडरवरचा ठिपका क्षुल्लक नव्हता. नोंद तिची होती, आणि अर्थही तिचाच.

४/ आधुनिक शास्त्राचा टप्पा १९२० च्या दशकातला. जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे संशोधन केले. बीजोत्सर्ग पुढील पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी होतो, हा त्याचा गाभा. म्हणजे मोजणी मागच्या पाळीपासून पुढे नव्हे, तर पुढच्या पाळीपासून मागे करायची. अडचण उघड आहे: पुढची पाळी अजून आलेलीच नसते!

५/ यावर तोडगा म्हणून कॅलेंडर पद्धतीचे सूत्र आले. किमान सहा महिन्यांच्या नोंदी घ्या. सर्वांत लहान चक्रातून १८ आणि सर्वांत मोठ्या चक्रातून ११ वजा करा. चक्रे २६ ते ३२ दिवसांची असतील, तर ८ ते २१ हे दिवस गर्भधारणेस अनुकूल मानायचे. महिन्यातले तब्बल चौदा दिवस! गर्भनिरोधासाठी आपल्या संशोधनाचा वापर व्हावा, हे खुद्द ओगिनो यांनाही मान्य नव्हते.

६/ स्वतंत्र भारतात हा हिशेब सरकारी धोरणात आला. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीवादी होत्या. कृत्रिम साधनांपेक्षा त्यांचा कल ‘सुरक्षित काळा’कडे होता. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतर्फे डॉ. अब्राहम स्टोन भारतात आले. दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे प्रयोग सुरू झाले. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांची माळ देण्यात आली.

७/ अंधारात रंग ओळखू येईनात, म्हणून मण्यांचे आकार बदलावे लागले. मणी उलट दिशेला सरकू लागले, म्हणून त्यांना अटकाव बसवावा लागला. तरीही प्रयोग फसला. माळेच्या रचनेपलीकडे एक प्रश्न उरतोच: आज कोणता दिवस आहे हे पत्नीला कळले, तरी नकार देण्याचा अधिकार तिला होता का? हिशेब तिच्या हाती आणि निर्णय दुसऱ्याच्या, अशी स्थिती असेल तर अचूक हिशेबही निरुपयोगी ठरतो.

८/ पुढे जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३२ मण्यांची नवी माळ तयार केली. भारतात ती ‘मालाचक्र’ म्हणून ओळखली गेली. यात ८ ते १९ हे दिवस जोखमीचे. मात्र अट स्पष्ट होती: चक्र २६ ते ३२ दिवसांचे असेल तरच ही पद्धत वापरावी. आपली मर्यादा उघडपणे सांगणारे साधन विश्वासार्ह असते. ॲपलाही हाच निकष लावावा.

९/ बर्लिनचे ‘क्लू’ २०१३ मध्ये आले, ‘फ्लो’ २०१५ मध्ये. स्वीडनच्या ‘नॅचरल सायकल्स’ला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये गर्भनिरोधक साधन म्हणून परवानगी दिली, ते सकाळच्या शरीर-तापमानाचा आधार घेते. केवळ तारखांवर चालणारे ॲप मात्र मूलतः कॅलेंडरसारखाच अंदाज बांधते. पडद्यावरचे ‘सुरक्षित’ दिवस पाहून गर्भनिरोधाचा निर्णय घेऊ नये.

१०/ आता हिशेब कोणाकडे जातो ते पाहू. प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने २०१९ मध्ये ‘माया’ आणि ‘मिया’ ही ॲप्स फेसबुकला माहिती पाठवत असल्याचे दाखवून दिले. फ्लोने गोपनीयतेचे आश्वासन देऊनही आरोग्यविषयक माहिती इतर कंपन्यांना पुरवल्याचा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने केला. २०२१ मध्ये समझोता झाला. कंपनीने चूक कबूल केली नाही.

११/ जून २०२२ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले. चुकलेल्या पाळीची नोंद पुरावा म्हणून वापरली जाईल, ही भीती तेथे एकाएकी खरी वाटू लागली. धडा सर्वत्र लागू आहे: कायदा एका दिवसात बदलू शकतो, पण साठवलेली नोंद मागे उरते.

१२/ म्हणून ॲप निवडताना चार प्रश्न विचारावेत. नोंद फोनमध्येच राहते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते? (‘ड्रिप’ आणि ‘युकी’ ती फोनमध्येच ठेवतात.) नाव, ईमेल न देता ॲप वापरता येते का? सर्व नोंदी कायमच्या पुसता येतात का? चक्र अनियमित असल्यास अंदाज चुकू शकतो, हे ॲप स्पष्ट सांगते का? आणि पाळी वारंवार लांबत असेल, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. निदान ॲपवर सोपवू नये.

१३/ जोडीदारासाठी ॲप शोधणाऱ्यांना एक विनंती. तिच्या नकळत आपल्या फोनमध्ये तिच्या तारखा भरू नयेत. हेतू काळजीचा असला तरी. ॲप तिने निवडावे, नोंद तिने ठेवावी, आणि काय दाखवायचे हेही तिनेच ठरवावे. पतीने मोजण्याची परंपरा आपल्याकडे पुरेशी जुनी आहे. ती नव्याने सुरू करण्याचे कारण नाही.

१४/ आणि कोणतेच ॲप या कसोटीला उतरले नाही, तर कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. त्यावरच्या ठिपक्याला पासवर्ड लागत नाही, आणि तो कोणत्याही कंपनीला वाचता येत नाही.